मौजेचा डबा आणि गुलबक्षीची परी

गावाच्या अगदी टोकाला, जिथे रस्ता संपून पाऊलवाट सुरू होते, तिथे एक चिमुकलं घर होतं. लाल कौलांचं, निळ्या दाराचं. दारापुढे दोन पायऱ्या होत्या आणि त्यांतल्या खालच्या पायरीवर रोज संध्याकाळी एक मुलगी एकटीच बसलेली असायची. तिचं नाव मंजुळा.

ते घर मंजुळेचं होतं आणि नव्हतंही. म्हणजे असं, की तिच्या आईबाबांनी ते पेढीवरून कर्ज काढून घेतलं होतं. कर्ज फिटेपर्यंत घराचे कागद पेढीच्या लोखंडी कपाटात राहणार. दर महिन्याला हप्ता भरायचा, आणि हप्ते थकले की घर गेलं! म्हणून बाबा बांगड्यांची पेटी पाठीला लावून एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरायचे. आई दिवसा पापड लाटायला जायची आणि तिथून परस्पर देवळापाशी गजरे ओवायला. घरी उरायची एकटी मंजुळा. ती भिंतीवरच्या पालीशी गप्पा मारायची. पाल बोलत काही नसे, पण निदान ऐकायची तरी.

पहिल्यापासून असं नव्हतं बरं का! नव्या घरात आल्या आल्या आईनं फळीवर तीन डबे मांडले होते. मोठा पितळी डबा घराचा, त्यात हप्त्याचे पैसे. मधला पोटाचा, त्यात मीठ-पिठाचे. आणि तिसरा अगदी इटुकला, झाकणावर हिरवागार पोपट रंगवलेला. तो मौजेचा.

"यात पडतील थोडेच," आई म्हणाली होती, "पण पडतील तेवढे उडवायचे. या पोपटाला पैसे साठवायची परवानगी नाही."

मग काय विचारता! दर रविवारी तिघंही नटूनथटून बाजाराला निघायची. कधी गुलाबी कागदाची भिंगरी, कधी गरमागरम शेंगदाणे, कधी लालचुटुक कलिंगडाची एकच फोड तिघांत, आणि बी कुणाची लांब उडते याची पैज. बाबांची बी सगळ्यांत लांब जायची. आई दर वेळी म्हणायची, "अहो, पुढे सरकून उभे राहता, लबाड कुठले!" आणि मंजुळा हसून हसून खालीच बसायची.

पण एका रविवारी निघताना आईचं कुजबुजणं मंजुळेच्या कानावर पडलं. "या खेपेला हप्त्याला थोडे कमी पडतायत हो." झालं! बाजारात बाबांनी कलिंगडाच्या फोडीकडे बोट दाखवलं मात्र, मंजुळा म्हणाली, "मला काही नको. पोट भरलंय माझं." खरं तर तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पोपटाच्या डब्यातले पैसे पितळी डब्यात गेले, हप्ता भरला गेला, आणि आई तिला कुशीत घेऊन म्हणाली, "किती गं शहाणी माझी बाय!"

शहाणी म्हणवून घ्यायला कुणाला आवडत नाही? पुढच्या रविवारीही मंजुळेला काही नको झालं. त्याच्या पुढच्याही. मग बाबा म्हणाले, बाजाराला जायचंच नाही तर मी लांबची जत्रा करतो. आई म्हणाली, मग मीही गजऱ्यांचं काम धरते. असं करता करता घरात दिवसभर कुणी राहीनासंच झालं. मंजुळेपाशी राहिलं फक्त तिचं शहाणपण, आणि शहाणपण काही पांघरून झोपता येत नाही.

घरामागे एक जुनी बाग होती. तिचा मालक कुठल्या कुठे गेला होता. वैशाखाच्या उन्हानं बागेचा नुसता पापड झाला होता. एका संध्याकाळी मंजुळा तिथे हिंडत होती, तर कुंपणाशी गुलबक्षीचं एक झुडूप माना टाकून उभं. कळ्या सुकून गेलेल्या, पानं मलूल.

"तुझंही कुणी घरी नाही वाटतं?" मंजुळा त्याला म्हणाली.

विहीर लांब होती आणि घरात माठाच्या तळाशी लोटाभरच पाणी उरलं होतं. मंजुळेला तहान तर लागली होतीच. पण झुडपाकडे बघून तिचा जीव तुटला. तिनं अर्धा लोटा पाणी स्वतः प्यायलं आणि अर्धं जपून जपून गुलबक्षीच्या मुळाशी ओतलं.

आणि काय नवल! एक कळी थरथरली. पाकळ्या अलगद उलगडल्या, गुलाबी, त्यांवर पिवळे शिंतोडे. आणि फुलातून बाहेर आली करंगळीएवढी परी! तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ होते आणि त्यांवर चांदीच्या बारीक बारीक टिकल्या चमचमत होत्या. तिनं आधी जांभई दिली, मग एक छोटुकली शिंक.

"कळीतच अडकून पडले होते बाई!" परी किणकिणत्या आवाजात म्हणाली. "आपली अर्धी तहान मारून दुसऱ्याला पाणी देणारी मुलगी रोज भेटत नाही. माग, एक इच्छा माग. पण आमचे नियम असतात हं."

"कसले नियम?"

"पैसे मागायचे नाहीत. आम्ही दिलेलं नाणं कुणाच्या तरी डब्यातून नाहीसं झालेलं असतं."

मंजुळेचा चेहरा पडला, कारण ती कर्जाचंच मागणार होती. "मग माझ्या आईचं मनगट फार दुखतं, ते थांबव."

परीनं कानाला हात लावला. "काय म्हणालीस? हा दुसरा नियम. इच्छा स्वतःसाठी मागायची. दुसऱ्यासाठी मागितलेलं मला ऐकूच येत नाही. कान बघ ना केवढेसे आहेत."

"बाबांच्या पायांना फोड आलेत, ते..."

"अं? काय?"

"अगं, ते जत्रेत दिवसभर उभे..."

"छे! वारा सुटलाय वाटतं," परी म्हणाली आणि मुद्दाम दुसरीकडे बघू लागली.

स्वतःसाठी काय मागायचं असतं, तेच मंजुळा विसरून गेली होती. तिनं खूप आठवून पाहिलं. भिंगरी आठवली, कलिंगड आठवलं, पण त्यातलं काहीच तिला नको होतं. मग एकदम तिचे डोळे भरून आले आणि हुंदका फुटला.

"मला एकटीला नाही करमत. पाल पण आताशा फळीमागे जाऊन बसते. मला आई हवी. बाबा हवेत. दोघंही हवेत, घरी, आज!"

"हे बाई, ऐकू आलं!" परी आनंदानं म्हणाली आणि तिच्या पंखांवरची टिकली न् टिकली झगमगली. "आता शेवटचा नियम नीट ऐक. मी त्यांना दारापर्यंत आणीन. पुढचं तुझं. दारात आलेल्या इच्छेला 'मला काही नको' म्हटलंस, तर ती विझेल आणि मीही विझेन. मग कितीही पाणी घातलंस तरी ही गुलबक्षी फुलायची नाही."

परीनं टाळी वाजवली. तिकडे जत्रेत बाबांच्या पेटीतल्या लाल, हिरव्या, सोनेरी बांगड्या कुणी हात न लावताच किणकिणायला लागल्या. इकडे देवळापाशी आईच्या हातातला दोरा फुलामागून फुलाला गाठी मारायला लागला. दोघांनाही वाटलं, घरी काही बरं दिसत नाही. आणि वाट कशी सरली ते दोघांनाही कळलं नाही. अजून कौलांवर ऊन होतं, तोच निळ्या दारातून आई आत आली आणि तिच्यामागोमाग पाठीवरची पेटी सावरत बाबा.

"मंजुळे, बरी आहेस ना गं? काही लागलं-बिगलं का?" आईनं तिचं कपाळ, हात, पाय सगळं चाचपून पाहिलं.

"जीव कसानुसाच झाला माझा," बाबा म्हणाले. "पळतच आलो. पण पोर तर ठणठणीत दिसतेय!"

दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग जे होऊ नये तेच व्हायला लागलं. बाबा म्हणाले, "अजून उजेड आहे. आत्ता निघालो तर पहाटेच्या गर्दीला पोचेन. खरी विक्री उद्याचीच." आई म्हणाली, "मलाही अर्धी टोपली ओवायची आहे." बाबांनी पेटीचा पट्टा पुन्हा खांद्याला लावला आणि मंजुळेच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहशील ना तू? शहाणी आहेस ना माझी? काही हवंय का तुला जत्रेतून?"

"मला का..." मंजुळेच्या जिभेवर सवयीचे शब्द अगदी येऊन बसले. तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीच्या गजावर परी बसली होती आणि तिच्या पंखांवरची एकेक टिकली मालवत चालली होती.

बाबांनी उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला.

"नाही राहणार!" मंजुळा ओरडली. स्वतःचा आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. "मी नाही शहाणी. मला भीती वाटते एकटीला. बाबा, जाऊ नका ना. आई, तूही नको जाऊस. जत्रेतलं राहू दे, मला तुम्ही हवे आहात!"

उंबऱ्याबाहेर गेलेला पाय आत आला. मग बाबांनी पेटी सावकाश खाली ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसकण मारली.

"अगं वेडाबाई, तू दर रविवारी नको नको म्हणायचीस," ते म्हणाले. "मला वाटलं, मोठी झाली, आता आपल्याबरोबर यायला नाही आवडत तिला."

"मला वाटलं, हप्त्याला कमी पडतात ना..."

आईला रडूच आवरेना. डोळे पुसत तिनं फळीवरचा पोपटाचा डबा काढला. तो रिकामा होता आणि तळाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. "हप्ता थोडा लहान करून घेऊ," ती म्हणाली. "पेढीवर मी येते तुमच्याबरोबर बोलायला. गजऱ्यांचं काम बंद."

"घर आपलं व्हायला उशीर होईल हं मग. चांगली दोन-तीन वर्षं जास्त."

"होऊ दे उशीर. घर आपलं होईल तेव्हा घरात माणसं तर हवीत?"

बाबांनी खिशात हात घातला. सापडलं एकच नाणं. ते त्यांनी पोपटाच्या डब्यात टाकलं, टण्ण! आणि मंजुळेकडे बघून डोळे मिचकावले. "रविवारी उडवायचं हं हे. आणि बी लांब उडवायला मी पुढे सरकून उभा राहणार, आधीच सांगून ठेवतो."

"लबाड कुठले!" आई रडता रडता हसली.

मंजुळा मागच्या दारानं बागेत धावली. अहाहा! सगळं झुडूप फुललं होतं. गुलाबी फुलं, पिवळी फुलं, पांढरी फुलं, अर्धी लाल अर्धी पिवळी फुलं! मधल्या फुलावर परी उभी होती, इतकी झळझळीत की तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तू आणलंस त्यांना," मंजुळा म्हणाली.

"मी नुसतं दारापर्यंत आणलं गं. थांबवलंस तू."

"परत येशील?"

परी हसली. तिच्या अंगातून सोनेरी उजेड बाहेर पडला. तो पानापानांवर सांडला, कुंपणावर चढला, घराच्या लाल कौलांवरून ओघळला, आणि बघता बघता आभाळात मिसळून गेला. फुलावर कुणीच नव्हतं. मंजुळेला जरासं रडू आलं.

तेवढ्यात आतून आईची हाक आली, "मंजुळे, ए मंजुळे! कुठे गं तू? चल लवकर, पिठलं निवतंय!"

पाठोपाठ बाबांचा आवाज आला, "आम्ही थांबलोय तुझ्यासाठी!"

"आले, आले!" म्हणत मंजुळा धावत सुटली. उंबऱ्याला ठेच लागली, तरी थांबली नाही. त्या संध्याकाळी तिघंही एकाच ताटात जेवली. आपली कहाणीही त्यांच्याच पंगतीला बसली आणि पोटभर जेवून उठली.