कार्डाचे पंखे

मिरजेत चंदूशेठच्या दुकानात काचेच्या कॅबिनेटमधला तयार गेमिंग कॉम्प्युटर मांडलेला होता. त्यावर दिवसभर गेम चालू असायचा. सतारी बनवणाऱ्या घरातली रुखसार वर्षभर, रोज कॉलेजातून येताना, त्यातल्या, गेमची चित्रं वेगाने पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे बघत उभी राहायची. एकेक भाग जमवून तिने घरी स्वतःचं मशीन जोडलं होतं. कार्डाची जागा तेवढी रिकामी होती.

"शेठ, नुसतं कार्ड द्या ना."

"सुटं मिळणार नाही. मशीन जोडणं म्हणजे सतारीला तारा लावणं नव्हे, पोरी! माझ्या जोडणीत चूक काढ आणि कार्ड फुकट घेऊन जा."

रुखसारने कॅबिनेटमागे हात घातला. स्क्रीनची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डात, म्हणजे मशीनच्या मुख्य पाटीत खोचलेली होती. ती काढून तिने कार्डात लावली आणि गेम पुन्हा सुरू केला. इतके दिवस अडखळणारा गेम सरसर पळू लागला, बिनकामाचं बसलेलं कार्ड जागं झालं आणि त्याचे पंखे फिरू लागले.

शेठचा चेहरा उतरला. "तुला कसं कळलं?"

"वर्षभरात हे पंखे एकदाही फिरले नाहीत, शेठ. माझ्याकडे कार्ड नव्हतं, म्हणून मी बघत राहिले. तुमच्याकडे होतं, म्हणून तुम्ही कधी बघितलंच नाही."