सगळेच मुकादम

शेवट वळखून दाखवा, मिशी उतरवतो. न्हाईच जमायचं तुमाला!

लई जुन्या काळी अस्वलमावशीची रानात खानावळ व्हती. माकड वाढायचं, कासव पाणी द्यायचं, मुंगूस भाकऱ्या थापायचं. एकदा तिघंबी रुसली. "राबायचं आमी, आन् मान तुला?"

मावशी म्हनली, "बरं बाबांनो, उद्यापासनं तुमी सगळेच मुकादम. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी वाघ जेवाय आला, पानावर बसला.

माकड म्हनलं, "ए मुंगसा, पाव्हण्याला वाढ की!"

मुंगूस म्हनलं, "कासवा, तू वाढ. मुकादमाचा हुकूम हाय."

कासव म्हनलं, "हुकूम मी देनार! तू कोन?"

वाघ ह्याच्याकडं बघतोय, त्याच्याकडं बघतोय, त्याला काय उमजंना. "मावशे, हितं वाढपी कोन हाय?"

मावशीबी गोंधळली. "थांब लेकरा, इच्यारते," म्हनत ती वळली, तशी तिची लांबलचक शेपूट बरोब्बर पानावर पडली.

वाघाला वाटलं, वाढलं एकदाचं!

तवापासनं अस्वलाची शेपूट बोटभरच हाय.