न बांधलेली झोळी

सह्याद्रीच्या माथ्यावर, घाट जिथून खाली उतरू लागतो तिथे पायरवाडी नावाचे गाव आहे. गाव एवढेसे, पण ऐट केवढी! का नसावी? श्री केवलनाथ महाराजांनी मुक्कामाला साऱ्या मुलखातून हीच वाडी निवडली होती. मठ म्हणजे चार कुडाच्या भिंती आणि वर गवत, पण संध्याकाळी तिथे टाळ वाजू लागला की तव्यावरची भाकरी तशीच टाकून बायका धावत.

त्या भजनात एक टाळकरी असा होता, की परगावचे लोक त्याच्याकडे बोट दाखवून हसत. त्याचे नाव निंबाजी. टाळ हातात, अभंग ओठांवर, आणि छातीला लुगड्याच्या झोळीत बांधलेली तान्ही पोर!

निंबाजीची बायको सगुणा बाळंतपणात गेली. मागे राहिली एक मुठीएवढी लेक. निंबाजीने तिचे नाव भागीरथी ठेवले आणि सगुणेच्या निळ्या लुगड्याची झोळी करून तिला छातीशी बांधले. तो दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाई, ओढ्यावरून पाणी आणी, भागू सदा त्याच्याबरोबर. शेजारच्या लेकुरवाळ्या बायका तिला पाजीत, पुढे शेळीचे दूध सुरू झाले.

भागू रांगू लागली तेव्हा तर बापाने घराचा किल्लाच केला. चुलीभोवती दगडमातीचा आडोसा घातला. विळी आढ्याला टांगली, दिवा उंच कोनाड्यात नेला, पाण्याची घागर फडताळावर चढवली. अंथरूण टाकण्याआधी घोंगडी तीनदा झटकायची, विंचूकाटा असला तर दिसावा म्हणून.

"निंब्या, पोर वाढवतोस का खजिना राखतोस?" लोक विचारीत.

"खजिनाच हाय," निंबाजी म्हणे, आणि पुन्हा घोंगडी झटकी.

महाराजांना मात्र त्याचे भारी कौतुक. ते म्हणत, "देवाला जग सांभाळताना मी पाहिले नाही. निंबाजीला भागू सांभाळताना रोज पाहतो. माझे तेवढ्यावर भागते."

सगुणेचा थोरला भाऊ हैबतराव घाटाखाली वेळशेतला राहत असे. बागायती जमीन, दारात बैलजोड्या, डोक्याला जरीचा फेटा. वडिलांनी घर न बघता माणूस बघून सगुणेला निंबाजीच्या घरी दिली, हे शल्य त्याच्या मनात कायम सलत होते. एके दिवशी सकाळीच त्याची दमणी, छताची हलकी बैलगाडी, मठापुढे येऊन थांबली. दमणीच्या छताला आतून नक्षीचा पाळणा टांगलेला, त्याला पितळी साखळ्या, रंगीत लोकरीचे गोंडे. पाहणारे थक्क झाले.

हैबतरावाने महाराजांना नुसते हात जोडल्यासारखे केले. "भाचीला न्यायला आलोय. बाप्या माणसाच्या हातून कुठं लेकरू वाढतंय? चार गावांत हसं होतंय आमचं. हा गडी पोर छातीला बांधून खुरपतोय, उद्या पाजायला बी बसंल!"

त्याच्याबरोबरची माणसे खो खो हसली. निंबाजीने झोळीवर हात ठेवला आणि महाराजांकडे पाहिले. आता महाराजच काय ते बोलतील!

महाराज शांतपणे म्हणाले, "हैबतराव, पोर नीट आहे. अंगावर साधा ओरखडा नाही."

"तुम्ही ब्रह्मचारी, महाराज. पोराबाळांतलं तुम्हांला काय कळणार?"

पायरवाडीची माणसे ताडकन उठली, पण महाराजांनीच हाताने त्यांना खाली बसवले, आणि अगदी मनापासून हसले. "तेही खरेच! मामा आहेस, तुझाही हक्क आहे. ने. निंबाजी, तू गाडीमागून पायी जा. वेळशेतला पोहोचल्यावर भागू ज्याच्याकडे हात पसरेल, तिने तिथे राहावे."

महाराजांनीच असे म्हणावे? दिवसभर पाळण्यात झुलवलेली, गूळखोबरे चारलेली तान्ही पोर, ती बापाला ओळखेल तरी का? पण गुरूची आज्ञा. निंबाजीने झोळीची गाठ सोडली.

"दादा, घाट उताराचा हाय," तो काकुळतीने म्हणाला, "टांगता पाळणा नको. कुणीतरी तिला अंगाशी बांधून घ्या. ही झोळी घ्या."

"असलं जुनेर माझ्या भाचीला?" हैबतरावाने ते लुगडे हिसकावले, घडी करून पाळण्यात फेकले. "अंथरायला चालंल फार तर." भागूला त्यावर निजवले आणि दमणी निघाली.

घाटातली वाट एका अंगाने डोंगराला चिकटलेली, दुसऱ्या अंगाने खोल दरी. बैल उताराला लागले आणि पावले उचलू लागले. निंबाजी मागून धावत होता, तोंडाने महाराजांचे नाव चालू होते. पाळण्याचे गोंडे इकडून तिकडे आपटताना त्याला दिसत होते.

"गाडी हळू घ्या, दादा!"

"तूच जरा पाय उचल!" हैबतराव मागे वळून हसला.

आणि पुढच्याच वळणावर चाकाची खीळ निसटली. चाक सुटून दरीत गेले, दमणी कलली, छत फाटले आणि साखळ्यांसकट पाळणा कड्यावरून खाली गेला. खालून लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

हैबतराव मातीत पडला होता, फेटा कुठल्या कुठे. उठायचे त्याला सुचेना. निंबाजी मात्र कड्यापाशी कधी पोहोचला, हे त्याचे त्यालाही कळले नाही. "महाराज!" एवढीच एक हाक त्याने मारली. डोंगर दणाणला.

आणि खालून खुदकन हसू ऐकू आले.

कड्याच्या पोटातून एक उंबर बाहेर आलेला होता. त्याच्या फांदीला निळ्या लुगड्याची झोळी टांगली होती आणि झोळीत भागू! वाऱ्याचा मागमूस नव्हता, एक पान हलत नव्हते, पण झोळी मात्र सावकाश झुलत होती. कोणी बसून झोका द्यावा, तशी!

निंबाजी मुळांना धरून उतरला. पोरीला पोटाशी घेतले, वर आणले आणि तिला पायाच्या बोटापासून टाळूपर्यंत चाचपले. ओरखडा नाही. तेव्हा कुठे त्याला रडू फुटले.

हैबतराव त्या लुगड्याकडे डोळे फाडून पाहत होता. "ही गाठ... ही तर तुझी गाठ. पण लुगडं तर मी सोता पाळण्यात फेकलं व्हतं. घडी करून. कुणीच बांधलं नव्हतं!"

निंबाजीने भागूला त्याच झोळीत पुन्हा छातीशी बांधले. गाडी आणि बैल बरोबरच्या माणसांवर सोडून दोघे घाट चढून मठात परत आले, तेव्हा बाहेर गर्दी होती आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. मघाशी महाराज निरूपण करता करता मध्येच थांबले होते. अंगावरच्या उपरण्याचे टोक घेऊन त्यांनी हवेतच एक गाठ मारली आणि किती तरी वेळ हात असा हलवीत राहिले, पाळण्याची दोरी ओढावी तसा. घाम निथळत होता म्हणे! कोणी विचारले, तर एवढेच म्हणाले, "थांबा, लेकरू जागे होईल."

हैबतरावाने ते ऐकले आणि त्याचा उरलासुरला ताठा गळून पडला. त्याने महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले. "चुकलो, महाराज! माझ्या तोऱ्यापायी भाची गेली असती. तुम्ही गाठ मारलीत म्हणून वाचली."

"मी?" महाराज म्हणाले, "मी ब्रह्मचारी. मला झोळीची गाठ कुठे येते? ती निंबाजीची गाठ. ऊन असो, वारा असो, ज्याने रोज न चुकता मारली, त्याला ती एक दिवस दुसऱ्याने मारू दिली नाही, तर देव काय विसरतो? रोजची गाठ देवाच्याही हाताला लागलेली असते, हैबतराव. आज त्याने ती बापाच्या वतीने मारली. मी नुसता झोका दिला."

निंबाजीची मान त्या दिवशी पहिल्यांदा ताठ झाली. पायरवाडीने असा जयघोष केला, की म्हणतात, घाटाखाली वेळशेतला ऐकू गेला! आपले महाराज तर साऱ्या मुलखाचे होतेच, आता आपला निंबाजीही साऱ्या मुलखाचा झाला होता.

हैबतराव उठला आणि निंबाजीपुढे उभा राहिला. "जावईबापू," तो म्हणाला, आणि हा शब्द त्याने सगुणेच्या लग्नानंतर प्रथमच उच्चारला, "पोर तुमची. तुमच्यापाशीच राहू द्या. पण मला एकदा... कशी बांधायची, ते दाखवाल?"

निंबाजीने डोळे पुसले. त्याने भागूला हैबतरावाच्या छातीशी धरले, लुगडे पाठीमागून फिरवले आणि गाठ मारली. बागायतदार हैबतराव, बोडक्या डोक्याने, छातीला पोर बांधून उभा! कोणीही हसले नाही.

मग तो महाराजांच्या पायांवर पुन्हा वाकला. या वेळी मात्र अगदी हळू, आणि वाकताना त्याचा एक हात भागूच्या डोक्यामागे आधाराला होता.