हिंटरयोखमधली शेजाऱ्याची चूल

आल्प्समधल्या एका खिंडीखाली हिंटरयोख नावाचं छोटं गाव आहे. तिथून तीन देशांच्या सीमा दिसतात. गावात बोलतात मात्र जर्मन. पहिला बर्फ पडतो त्या दिवशी इथे कोणी आपली चूल आपल्या हाताने पेटवत नाही. शेजारी येऊन पेटवतो. पाहुण्यांनी कारण विचारलं, की चर्चची देखभाल करणारे म्हातारे आलोइस त्यांना बाकावर बसवतात आणि क्रेसेंत्सची हकिकत सांगतात.

फार पूर्वी गावात साथ आली. क्रेसेंत्सचा नवरा आणि मुलगी तीत गेली. उरलेल्या लोकांनी हिवाळ्यापुरतं खालच्या दरीत जायचं ठरवलं. पण त्या काळी अशी रीत होती म्हणे, की ज्या गावातून हिवाळाभर धूर निघाला नाही ते ओसाड धरायचं आणि त्याची कुरणं सीमेपलीकडच्यांनी घ्यायची. क्रेसेंत्स म्हणाली, मी राहते, माझी माणसं इथल्याच मातीत आहेत. शेजारीण रोझिनाने तिची खूप मनधरणी केली. शेवटी तीही निघून गेली.

रोज उजाडलं की क्रेसेंत्स बर्फ तुडवत घरोघरी चुली पेटवत फिरे. सुताराच्या घरी त्याच्या गुडघ्याची विचारपूस करी, रोझिनाच्या घरी तिच्याशी गप्पा मारी. उत्तर कुठूनच येत नसे. पुढे पुढे तिने बोलणंच सोडलं. स्वतःची चूल ती सगळ्यात शेवटी पेटवी, आणि तोवर कधी कधी लाकडंच उरत नसत.

ऐन थंडीत पलीकडचा एक पहारेकरी खिंड उतरून आला. घरोघरी चूल पेटलेली, माणूस मात्र नाही. शेवटच्या घरात त्याला क्रेसेंत्स सापडली.

"बाकीचे कुठे आहेत?" त्याने विचारलं.

माणसाचा आवाज ऐकून ती रडू लागली, असं सांगतात. मग म्हणाली, "येतील. तोवर घरं गार पडू द्यायची नाहीत, एवढंच."

पहारेकऱ्याने तिला लाकडं फोडून दिली. परत जाऊन त्याने आपल्या सरदाराला सांगितलं, की प्रत्येक घरातून धूर निघतोय.

बर्फ वितळला, लोक परतले. घरं ऊबदार होती. जो तो उंबरठ्यावर रडला, आत गेला आणि दार लावून बसला. क्रेसेंत्स दिवसभर खिडकीशी होती. आता तिला कुणाकडे जायचं नव्हतं. संध्याकाळी साऱ्या गावातून धूर निघाला. तिच्या घरातून निघाला नाही, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सकाळी रोझिना दूध घेऊन गेली, तेव्हा ती खुर्चीतच गेलेली होती. चूल थंडगार होती. रोझिनाने आधी ती पेटवली, मग गावाला हाक मारली.

आजही ही रीत चालू आहे. गावातली बरीच घरं आता बंद असतात. मुलं शहरांत गेली आहेत. पहिल्या बर्फाला उरलेली माणसं त्या बंद घरांतल्या चुलीही पेटवतात, त्यामुळे फिरता फिरता उशीर होतो. आलोइस एकटेच राहतात. त्या दिवशी ते चुलीत लाकडं रचून, अंगावर कोट चढवून, दार उघडं टाकून बसतात.