न आलेल्या राजाचे पान

भक्ताच्या हाकेसरशी धाव घेणाऱ्या नारायणाला वंदन करून ही कथा सांगतो.

वादळात चितारआळीतल्या देवळाचे छप्पर उडाले आणि देव उघड्यावर आला. तेव्हा म्हाताऱ्या सुंद्राक्काने सासऱ्यांनी रंगवलेली दशावतारी गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जोड, डबीसह उचलली आणि सरदार भुजंगरावांचा वाडा गाठला. जुन्या, दुर्मिळ जोडाला हजार रुपये देऊ, असे सरदारांनी गावभर सांगितले होते.

दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने: राजा, प्रधान आणि अवताराच्या चिन्हाची दहा; कल्कीचे चिन्ह घोडा. सरदारांनी ती मोजली आणि डबी बाजूला सारली.

"एकशे एकोणीसच! कल्कीचा राजा कुठाय? अपुऱ्या जोडाला बाजारात कोण विचारतो? दहा रुपये घे आणि चालू लाग."

सुंद्राक्काने डबी पुन्हा पुढे सरकवली.

"सरकार, आपण पुराणे जाणता. कल्की अवतार झाला का हो?"

"छे! तो कलियुगाच्या अंती."

"मग जो वैकुंठातून अजून निघालाच नाही, तो माझ्या डबीत कसा सापडावा?"

सरदार चपापले. "अस्सं? मग त्याचा प्रधान आणि घोडे बरे आधीच येऊन बसले!"

"स्वारीच्या आधी लवाजमा पुढे येतोच ना, सरकार?"

सरदार खदखदून हसले आणि त्यांनी पुरते हजार रुपये तिच्या पदरात घातले. देवळावर छप्पर चढले. सरदारांच्या संग्रहात मात्र लोक आधी ती एका पानाची रिकामी जागाच पाहू लागले.

श्रोतेहो, तुमच्या घरी जे उणे असेल, ते नारायण वेळेवर पुरे करो.