राजाचा पाऊस

फार जुन्या काळी, सह्याद्रीच्या पूर्वेला एका गावातल्या विहिरी हिवाळा सरतासरताच आटत. म्हणून तिथली नागाई नावाची बाई पावसाळ्यात वळचणीखाली रांजण भरून घेई आणि ते पाणी उन्हाळाभर पुरवी. त्यातलं धान्य धुतलेलं पाणी गाईला जाई, अंघोळीचं दोडक्याच्या वेलाला.

एका चैत्रात राजाचा अधिकारी भोगदेव घोडी आणि रिकामी गाडी घेऊन आला. नागाईचे भरलेले रांजण पाहून तो म्हणाला, "बाई, या भूमीवर पडणारा पाऊस राजाचा. तो तू चोरलास. रांजण गाडीत चढतील."

पाणी गेलं तर घर सोडावं लागणार होतं. तरी नागाईनं शांतपणे हात जोडले.

"बरं झालं सांगितलंत, महाराज. गेल्या श्रावणात याच पावसानं माझी मागची भिंत पाडली, शेळी वाहून नेली. दाद कुणाकडे मागावी ते कळत नव्हतं. आता राजाकडेच जाते. शेजारच्यांच्याही भिंती पडल्यात, त्यांनाही बरोबर घेते."

भोगदेवानं गाडी रिकामीच माघारी वळवायला सांगितली.

"पाऊस देवाचा असतो, बाई," तो अखेर म्हणाला.

"असं होय," म्हणत नागाईनं त्याच्यापुढे तांब्याभर पाणी धरलं. तो ते उभ्यानंच प्यायला. दुसरा तांब्या त्यानं मागितला नाही.