वळणावरचं रडणं

ज्या काळी गाड्यांचे सुटे भागही बोलायचे आणि माणसांना तो नुसता आवाज वाटायचा, तेव्हाची ही गोष्ट.

गहिनीनाथच्या जुन्या पिकअपचं पुढचं डावं बेअरिंग पार झिजलं होतं. सावरघाटातल्या उजव्या वळणावर सगळा भार डावीकडे आला, की ते कळवळून ओरडायचं, "मला बदला! चाक सुटेल!" माणसांना मात्र कुणी बाई रडल्यासारखा लांब, घोगरा हुंदका ऐकू यायचा.

त्या वळणावर भूत आहे, असं ठरवून गहिनीनाथ तिथे दर खेपेला नारळ फोडू लागला.

"खा खोबरं," उजवं बेअरिंग डाव्याला चिडवायचं. "आणखी ओरड!"

एकदा शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, सुभद्राने, दचकून पाय वर घेतले. "अहो, हे रडणं माझ्या पायांखालून येतंय. मिस्त्रीला दाखवा ना. बेअरिंग गेलं असेल."

"भुताला कसलं बेअरिंग घालतेस?" असं म्हणून त्याने त्या दिवशी अकरा नारळ फोडले.

पुढच्या खेपेला, त्याच वळणावर, डाव्या बेअरिंगचे छर्रे फुटून रस्त्यावर सांडले. ओरडायला त्याच्यात काही उरलंच नाही. गाडीत एकदम शांतता पसरली. उजवं बेअरिंगसुद्धा हसलं नाही.

"बघ, गेलं की नाही?" गहिनीनाथ खुशीत म्हणाला.

सुभद्रा काचेतून समोर बघत होती. उतारावर, त्यांच्या गाडीच्या पुढे, एक चाक एकटंच धावत चाललं होतं.